वाक्य द्या, चपला घ्या

आप्पा चौगुल्यांचा सिनेमा बिनतिकिटाचा होता, पण फुकट नव्हता. शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या वरच्या मजल्यावर दर सोमवारी संध्याकाळी सहा वाजता ते पांढरं कापड ताणून सिनेमा दाखवत. खाली आखाडा, वर सतरंज्या. त्यामुळं जिन्याच्या तोंडाशीच चपला काढाव्या लागत. आप्पा त्या उचलून एका फळीवर ओळीनं लावत आणि सिनेमा संपला की फळीपुढं स्टूल टाकून बसत. मांडीवर दोनशे पानी वही, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल.

"वाक्य द्या, चपला घ्या."

सिनेमा कसा वाटला ते एका वाक्यात सांगायचं. आप्पा ते जसंच्या तसं निळ्या पेनानं लिहून घेत, खाली नाव लिहीत आणि मग चपला पुढं सरकवत. नुसतं "चांगला होता" चालत नसे. "चांगला तर आंबा बी आसतोय," ते म्हणत. "पिक्चरचं सांगा." वाक्य फारच आवडलं तर समोर लाल टिक पडायची. सहसा पडत नसे.

एकदा एक तरुण फौंड्रीवाला वाक्य द्यायच्या भीतीनं अनवाणीच घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा त्याच्या चपला पिशवीत घालून त्याच्या दारात उभे. पोरगा दात घासत होता. "वाक्य राहिलंय," आप्पा म्हणाले. त्यानं चूळ भरली, आत आईकडं एकदा बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "मला रडाय आलंतं, म्हणून पळालो." आप्पांनी तिथंच भिंतीला वही टेकवून ते लिहून घेतलं आणि लाल टिक केली.

ही वाक्यं पुढं विलायतेला जात. ब्रिटनमधले सिनेमे, त्यातही अजून नाव न झालेल्या नव्या दिग्दर्शकांचे, देशोदेशीच्या प्रेक्षकांपर्यंत पोचवायचे एवढंच काम करणारी एक संस्था आहे. तिचं लहानसं ऑफिस मुंबईत. लहान शहरांतल्या फिल्म क्लबांना ती सिनेमे देते आणि बदल्यात एक छापील फॉर्म भरून मागते: एक ते पाच गुण द्या. आप्पांनी तो फॉर्म पहिल्याच महिन्यात कोरा परत पाठवला. सोबत चिठ्ठी: गुण द्यायला आम्ही मास्तर नव्हं. आमची माणसं काय बोलली ते पाठवतोय, ते त्या पोरांना जसंच्या तसं कळवा.

आप्पांना इंग्रजी येत नव्हतं. वाक्यांचं इंग्रजी करायचं काम सुरुवातीला बँकेतून निवृत्त झालेले जोशीकाका करायचे. ते मुलाकडं पुण्याला गेले आणि ते काम माझ्याकडं आलं. आप्पांच्या आयुष्यात माझा वाटा एवढाच, आणि आज त्यांच्याविषयी लिहिताना मान खाली जाते तीही त्याच कामामुळं.

मी हुपरीची. आमच्या घरात चांदीच्या पैंजणांना घुंगरं डाखायचं, म्हणजे डाख देऊन जोडायचं काम चालतं. वडील अजून शेगडीपुढं बसतात. घरातली पहिली पदवी माझी. कोल्हापुरात कॉलेजला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी उभी राहून "सर, मी येतो" म्हणाले. आमच्याकडं बायका असंच बोलतात. शहरातल्या मुली हसल्या, सरही हसले. तेव्हापासून तोंडातून बाहेर पडणारा प्रत्येक शब्द मी आधी तपासायला लागले. इंग्रजीत एम. ए. केलं, एका कॉलेजात शिकवायला लागले, हुपरीहून रोज एसटीनं ये-जा करत. आई-वडिलांनी आणि इंग्रजीनं मला इथवर आणलं असं मी मानते, आणि ते खरंच आहे. पण ज्याचे उपकार असतात त्याच्यापुढं माणूस जरा वाकूनच उभा राहतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

आप्पा माणसांना गावाच्या नावानं हाक मारत. मला पहिल्या दिवसापासून "हुपरी."

"काय हुपरी, गाडीत जागा मिळाली का उभ्यानं आलीस?"

ते स्वतः तीस वर्षं एका थेटरात ऑपरेटर होते. थेटर बंद पडल्यावर कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरला लागले आणि तिथून निवृत्त झाले. पण चालणं, बसणं, बघणं सगळं ऑपरेटरचंच राहिलं. सिनेमा चालू असताना ते पडद्याकडं पाठ करून बसत. आधी मला वाटलं, यांना सिनेमा आवडतच नाही. विचारलं तर म्हणाले, "केबिनच्या भोकातनं तीस वर्सं माणसंच बगितली मी. पडद्यावरचं तेच ऱ्हातंय. माणसं दर शोला बदलत्यात." कुठल्या क्षणाला सगळा हॉल एकदम हलला, कुठं कुणी जांभई दिली, कुठं बायकांनी पदर तोंडाला लावला, हे त्यांना तोंडपाठ असे. प्रोजेक्टरचा उजेड जरा कमी झाला तरी मागं न बघता त्यांना कळायचं. समोरच्या माणसांच्या तोंडावरचा उजेड बदलतो म्हणे.

इंग्रजांचेच सिनेमे कशाला, हे त्यांना पेठेतल्या सगळ्यांनी विचारून झालं होतं. त्यांचं उत्तर ठरलेलं: "साहेबाचा बंगला बगितला, साहेबाची टोपी बगितली, आमच्या आज्यानं साहेबाचा घोडा बी धरला. साहेबाच्या गावात भांडी कोन घासतंय ते तरी बगूया की." आणि संस्थेचे सिनेमे नेमके तसलेच असत. बंद पडलेल्या खाणीच्या गावातला बस ड्रायव्हर, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणारी बाई, मासळीच्या कारखान्यातल्या पोरी. करणारी पोरं पंचविशीतली, पहिला-दुसरा सिनेमा. आप्पांना त्या पोरांची फार काळजी. तालमीच्या फळ्यावर, जिथं फुटबॉलच्या मॅचचं वेळापत्रक लिहितात, तिथं ते खडूनं लिहीत: 'सोमवार सहा वाजता. विलायतचा सिनेमा. नवी पोरगी, पहिलाच पिक्चर. सांभाळून घेऊ नका.'

"सांभाळून घ्या असं लिहितात आप्पा," मी म्हणाले होते.

"सांभाळून घेतलं तर ती शिकंल कशी? तिला तिकडं सगळी हाय-हॅलोवाली. खरं बोलणारं कोन भेटतंय म्हणून तर एवढ्या लांब पाठवत्यात."

सबटायटल आम्ही दोघं मिळून करायचो. मी मराठी करून आणायची, आप्पा घड्याळ लावून बसायचे. माझी वाक्यं त्यांना फार लांब वाटत. "ह्ये वाचंस्तवर मानूस दार लावून गेला बग. कमी कर." मी एक शब्द काढायची. "अजून एक." मी चिडून म्हणायची, "आप्पा, मग अर्थ राहत नाही." ते म्हणायचे, "ऱ्हातोय. तो तोंडावर दिसतोय की त्याच्या."

जोशीकाकांच्या काळातली एक गोष्ट आप्पा प्रत्येक नव्या माणसाला सांगत. स्कॉटलंडमधल्या बायकांच्या एका फुटबॉल टीमवरचा सिनेमा होता. पेठेतल्या दोन वैरी क्लबांचे समर्थक भिंतीला धरून दोन बाजूंना बसले, मधे रिकामी सतरंजी. पंचानं पेनल्टी दिली नाही तेव्हा दोन्ही बाजू पहिल्यांदाच एका सुरात ओरडल्या. शेवटी चपला घेताना एकजण म्हणाला, "पंच आमच्याकडचाच वाटतोय." जोशीकाकांनी ते तसंच इंग्रजीत करून पाठवलं. काही महिन्यांनी मुंबईहून फोटो आला: सिनेमाचं पोस्टर, तिकडच्या कुठल्यातरी थेटराच्या भिंतीवर, आणि त्यावर मोठ्या अक्षरात ते वाक्य. खाली, 'एक प्रेक्षक, कोल्हापूर.' आप्पांच्या मोबाइलवर तो फोटो शेवटपर्यंत होता. बोटानं मोठा करून दाखवायचे. "आपन काय केलं? खरं बोललो. बस्स."

मी ही गोष्ट निदान दहा वेळा ऐकली असेल. तरी मी जे केलं ते केलं.

पहिल्याच वहीत मला एक वाक्य मिळालं: 'हिरो बरा हाय पण गिळल्यावानी बोलतोय.' ते इंग्रजीत करताना माझा हात थांबला. परदेशातला कुणी शिकलेला माणूस हे वाचणार. त्याच्या मनात कोल्हापूरचं काय चित्र उभं राहील? माझ्या डोळ्यांपुढं वर्ग हसला. मी लिहिलं, नायकाचा अभिनय संयत आहे. पाठवून दिलं आणि मला फार बरं वाटलं, अंगणात येऊन पडलेलं कुणाचं तरी उष्टं कुणी बघायच्या आत उचलावं तसं. मग ते अंगवळणी पडलं. शिव्या गेल्या, म्हशी गेल्या, थट्टा गेली. राहिलेल्याला मी इंग्रजी कपडे घातले. वर्षभरानं मुंबईच्या ऑफिसनं कळवलं, कोल्हापूरचा प्रेक्षक आता प्रगल्भ होत चालला आहे. मी ते पत्र आप्पांना वाचून दाखवलं. "म्हंजे काय?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "म्हणजे आपली वाक्यं त्यांना आवडतात." आप्पा खूश झाले. त्या पत्राची प्रत मी अजून ठेवली आहे, का ते माहीत नाही.

मग रूथचा सिनेमा आला. रूथ ही तिशीच्या आतली मुलगी, उत्तर इंग्लंडमधल्या समुद्राकाठच्या एका लहान गावातली. वडील लाँड्रीत कामाला. तिचा हा पहिला मोठा सिनेमा, आणि तो पूर्ण झालेला नव्हता. संस्थेनं ठरवलं होतं की शेवटची कापाकापी करायच्या आधी तो निरनिराळ्या देशांतल्या चार-पाच गावांत दाखवायचा आणि लोक काय म्हणतात ते तिला कळवायचं. पंचाच्या त्या वाक्यामुळं कोल्हापूरचं नाव त्यात आलं. आप्पांनी तो आठवडाभर इस्त्रीचा शर्ट घातला. फळ्यावर लिहिलं: 'पिक्चर अजून कच्चा हाय. आत्ताच बोला. मग बोलून उपेग न्हाय.'

सिनेमात एक चाळिशीची बाई लाँड्रीत काम करते. तिचा म्हातारा बाप जातो. बापाला पोचवून ती घरी येते, दाराला अडकवलेला त्याचा सदरा काढते, धुते, वाळत घालते. मग शेवटची वीस मिनिटं समुद्र, वारा आणि तारेवर हलणारा तो सदरा.

त्या दिवशी पहिल्या रांगेत ताराक्का होती. ताराक्का मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करायची. दोन्ही हातांवर तेलाचे जुने डाग. तिला वाचता येत नसे, पण एक सोमवार चुकवत नसे. सबटायटल नाही कळलं तर काय करता, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, "वाचाय येत न्हाय म्हणून मी हातांकडं बगतो. तोंड खोटं बोलतंय, हात न्हाय बोलत."

चपला घेताना आधी तालमीचे वस्ताद आले. "शेवट एवढा लांबलाय, म्हस पाणी पिऊन घरला आली आसती." हशा झाला, आप्पांनी लिहिलं. मग ताराक्का. ती फळीपुढं उभी राहिली. मागं लोक खोळंबले. मग म्हणाली, "बापाचा सदरा तिनं धुवाय नको हुता. वास गेला की त्याचा."

आप्पांनी ते लिहिलं, वाचलं, आणि लाल पेन काढलं.

दुसऱ्या दिवशी वही माझ्याकडं आली. लाल टिक मी बघितली. मुद्दाम सांगते, बघितली. आणि तरीही त्या वाक्याशी मी अडले. वास हा शब्द मला घाणेरडा वाटला. घामेजलेला सदरा न धुता ठेवा असं आमची बाई म्हणते, हे त्या मुलीला काय वाटेल? अस्वच्छ लोक आहेत असं वाटेल. मी लिहिलं, वडिलांचा सदरा धुण्याचा प्रसंग अत्यंत हृदयस्पर्शी आहे. म्हशीच्या वाक्याचं मी केलं, शेवटच्या भागाची संथ लय विचाराला अवकाश देते. खाली दोघांची नावं घातली आणि पाठवून दिलं.

वर्ष उलटलं. सिनेमा पूर्ण झाला, चार ठिकाणी दाखवला गेला, आणि संस्थेनं रूथला भारतात आणायचं ठरवलं. मुंबईत दोन कार्यक्रम होते. तिसरा तिनं स्वतः मागून घेतला: कोल्हापूर.

ती आली तेव्हा तालमीत पाय ठेवायला जागा नव्हती. माझे दोन-तीन विद्यार्थीही मागं उभे होते. आप्पांनी हार-फेट्याला आधीच नकार दिला होता. "पोरगी कामाला आलीया, लग्नाला न्हाय." त्यांनी तिचे बूट मात्र स्वतः उचलून फळीवर ठेवले, मधोमध. सिनेमा पूर्ण बघून झाला. सदरा धुतला गेला, तारेवर हलला. मला अंधारात ताराक्का पुढं वाकलेली दिसली. मग दिवे लागले, रूथ उभी राहिली आणि मी तिच्या शेजारी माइक घेऊन. ती एक वाक्य बोलायची, मी मराठी करायची.

"मला तुमचे आभार मानायचे आहेत." मी सांगितलं. "हा सिनेमा करताना माझ्याकडं दोन शेवट होते." मी सांगितलं. "एकात ती सदरा धुते. दुसऱ्यात ती तो न धुता पिशवीत बांधून उशाखाली ठेवते." तेही मी सांगितलं. "माझं ठरत नव्हतं. महिनाभर झोप नव्हती. मग कोल्हापूरहून एक वाक्य आलं." तिनं पिशवीतून कागद काढला. माझाच कागद. तिनं तो चौकटीत बसवला होता. तिनं वाक्य वाचलं, नाव वाचलं, तारा पाटील, आणि हसून माझ्याकडं बघितलं.

मागं माझे विद्यार्थी उभे होते. त्यांना इंग्रजी कळत होतं. मी हळू आवाजात म्हणाले, "वडिलांचा सदरा धुण्याचा प्रसंग अत्यंत हृदयस्पर्शी आहे, असं ताराक्का म्हणाल्या. म्हणून यांनी तो ठेवला."

"मी?" ताराक्का म्हणाली. "मी तर उलटं बोललोतो की."

रूथनं माझ्या कानाशी विचारलं, काय म्हणतात त्या? मी म्हणाले, त्यांना फार आनंद झालाय.

"आणि माझं म्हशीचं सांगा की बाईस्नी," वस्ताद मागून म्हणाले. लोक हसले. हसू ऐकून रूथनं पुन्हा कागदाकडं बघितलं आणि त्यावरचं वस्तादांचं वाक्यही नावासकट वाचलं. मागच्या एका विद्यार्थ्यानं ते शेजाऱ्याला मराठीत सांगितलं. 'संथ लय' आणि 'अवकाश' हे शब्द रांगेरांगेतून पुढं येत गेले. जिथं पोचले तिथलं हसू थांबत गेलं.

"ह्यो अवकाश कुणाचा?" वस्ताद म्हणाले. "मी न्हाय दिला. आप्पा, वही काढा बगू."

आप्पा स्टुलावरून उठले. वही त्यांच्या हातातच होती. त्यांनी पान काढलं. मी एवढ्या लांबूनही त्यावरची लाल टिक बघितली. त्यांनी ते पान वाचलं, मग माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. प्रोजेक्टरचा उजेड कमी झाला की बघायचे, तसं. नेमकं कुठं बिघडलंय ते शोधत.

मग वही मिटली.

"वहीत बराबर हाय," ते म्हणाले. "पोरीला मीच सांगितलंतं. पावण्यांस्नी वंगाळ कळवू नको, जरा गोड करून लिही म्हणून. चूक माझी हाय."

खाली आखाड्यात कुणीतरी दंड मारत होतं, त्याचा श्वास ऐकू येत होता.

"तुम्ही, आप्पा?" ताराक्का म्हणाली.

"व्हय."

"मग आमच्या चपला कशाला आडवून ठेवल्या एवढी वर्सं?" वस्ताद म्हणाले.

माइक माझ्या हातात होता. चालू होता. मी फक्त तोंड उघडायचं होतं. रूथनं पुन्हा विचारलं, काही बिनसलंय का? आणि मी म्हणाले, नाही, फुटबॉलच्या मॅचवरून वाद चाललाय. ती हसली. कोल्हापूरच्या फुटबॉलचं तिनं ऐकलं होतं.

जाताना ती स्वतःच फळीपुढं उभी राहिली. नियम तिला मुंबईत कुणीतरी सांगितला होता. बुटांच्या बदल्यात तिनं वाक्य दिलं आणि आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मला ते मराठीत करावं लागलं: "जगात मला सगळ्यात खरं या गावानं सांगितलं." आप्पांनी मान खाली घालून लिहून घेतलं. खाली तिचं नाव लिहिलं. बूट पुढं सरकवले.

सगळे गेल्यावर आम्ही दोघं सतरंज्या गुंडाळत होतो. मी म्हणाले, "आप्पा..." त्यांनी सतरंजीचं दुसरं टोक धरलं.

"ताराक्काचं वाक्य झकास होतं गं," ते म्हणाले. "इंग्रजीत बसत न्हवतं का त्ये?"

मला आजही वाटतं, त्यांना मी 'बसत होतं' म्हणायला हवं होतं. त्यांनी माझ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं आणि त्यातून मी बाहेर पळाले.

"नव्हतं बसत, आप्पा."

"मग ऱ्हायलं," ते म्हणाले, आणि सतरंजी कोपऱ्यात ठेवली.

त्यानंतरचे सोमवार, एक सोडला तर, मी ऐकून सांगते, कारण मी जायची बंद झाले. कॉलेजात परीक्षेचं काम आहे असं कळवलं. लोक कमी होत गेले. जे येत ते सिनेमा संपल्यावर आपल्या हातानं फळीवरून चपला काढून घेत. कुणीतरी म्हणालं, "वाक्य तुमीच घाला आप्पा, गोड बगून." भांडण असं कुणी केलं नाही. पेठेत माणसं भांडतात तोवर नातं असतं. आप्पांशी कुणी भांडलं नाही, आणि त्यांनीही कुणाला वेगळं काही सांगितलं नाही. पुढं गुडघे धरले म्हणून त्यांची मुलगी त्यांना इचलकरंजीला घेऊन गेली. तिथंच ते गेले, दोन वर्षं झाली. मला तिसऱ्या दिवशी कळलं.

दिवसकार्याला तालमीतले बरेच जण आले होते. जेवणं झाल्यावर मी ताराक्काला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. तिनं हात पुसत ऐकलं.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली. "आप्पा तसलं सांगणारा मानूस न्हवं."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"ते तू बोलायचं हुतंस."

त्या रविवारी मी रूथला लिहिलं. ताराक्काचं वाक्य इंग्रजीत केलं. त्याला दहा शब्द लागले. सहज बसले. आप्पांनी काय केलं आणि मी काय केलं, तेही लिहिलं. तिचं उत्तर चार दिवसांनी आलं, एका ओळीचं: हे तेव्हा कळलं असतं तर. सिनेमा तिचा पहिला होता, आणि पहिला एकदाच होतो.

मी आप्पांना शेवटचं बघितलं ते त्याआधी बरंच. रूथ येऊन गेल्यावर चार-पाच महिन्यांनी, ते अजून कोल्हापुरात होते तेव्हा, एका सोमवारी मी धीर करून तालमीत गेले. फळ्यावर खडूनं फक्त 'सोमवार सहा' एवढंच लिहिलं होतं. वर नऊ माणसं. सिनेमा एका बस डेपोवरचा, करणारा मुलगा नवीनच. आप्पा पडद्याकडं पाठ करून बसले होते, पण समोर बघायला माणसं फारशी नव्हती. मी सिनेमा बघितला नाही. मी वाक्य तयार करत होते. एरवी माझं वाक्य ऐकून ते म्हणायचे, "ह्ये पुस्तकातलं झालं. तुझं दे," आणि माझं स्वतःचं मिळेपर्यंत चपला पायाखाली दाबून ठेवायचे. त्या दिवशीचं वाक्य माझं होतं. पुस्तकातलं नव्हतं. त्यात सदरा होता, मी होते आणि माफी होती. चार शब्द मी कमीही केले होते.

दिवे लागले. आठ जणांनी आपापल्या चपला घेतल्या आणि उतरले. मी शेवटची. आप्पा स्टुलावर होते, वही शेजारी जमिनीवर, मिटलेली. मी तोंड उघडायच्या आत ते वाकले, फळीवरून माझ्या चपला उचलल्या आणि पाय सरळ आत जावेत अशा वळवून पुढं ठेवल्या.

"आप्पा, वाक्य," मी म्हणाले.

"आसू दे, हुपरी," ते म्हणाले. "गाडी चुकंल तुझी."

मी चपला घातल्या. गाडी मला मिळाली.